गोळ्यात भरलेलं वर्ष

स्वीडिश फौज त्या उन्हाळ्यात स्लातोव गावातून गेली, तेव्हा बारा गाड्या धान्य, देवळाची मोठी घंटा, एक सोडून सगळी बदकं आणि नगराध्यक्षांचे नवे बूट घेऊन गेली. न्यायला आणखी काही उरलं नाही म्हणून सैनिकांनी जाता जाता मनोऱ्याच्या टोकावरच्या सोनेरी गोळ्यावर नेमबाजी केली. तीन नेम लागले. गोळ्याला तीन भोकं पडली आणि पावसाचं पाणी आत जाऊ लागलं.

बारा गाड्या धान्यासाठी गावाने केला नसेल एवढा शोक त्या तीन भोकांसाठी केला. कारण तो तांब्याचा गोळा पोकळ होता, आणि त्याच्या पोटात पत्र्याच्या नळीत एक कागद होता. मनोऱ्याची डागडुजी निघाली की गोळा खाली उतरवायचा, जुना कागद वाचायचा आणि त्याच्या जोडीला नवा ठेवायचा: यंदा जगात काय घडलं, गावात काय घडलं, काम कोणाच्या हातून झालं. मग गोळा वर जायचा, तो पुढची पन्नास-शंभर वर्षं खाली यायचा नाही. स्लातोवच्या माणसाला अमर व्हायची संधी एवढीच, आणि ती सन सोळाशे अठ्ठेचाळीसमध्ये शत्रूच्या कृपेने चालून आली होती.

कागद लिहिण्याचं काम अर्थातच नगरसभेचा कारकून प्रोकोप याचं. साठी ओलांडलेला माणूस, अक्षर देखणं, स्वभाव त्याहून वळणदार. पस्तीस वर्षं तो सांगितलेलं लिहीत आला होता. तरुणपणी गाव जुन्या पंथाचं होतं तेव्हा त्याने पोपच्या विरोधात अर्ज लिहिले. मग सम्राटाची माणसं आली, सगळ्यांनी धर्म बदलला, तेव्हा त्याच लेखणीने त्याने पोपच्या बाजूचे अर्ज लिहिले. स्वतःचा धर्म त्याने नगराध्यक्षांच्या मागोमाग आठ दिवसांनी बदलला, म्हणजे घाई केली असं कोणी म्हणू नये.

सप्टेंबरात गोळा उतरवायला तोमेश चढला. तोमेश हा गावातला छपरं घालणारा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने नवा दोर मागितला. नवा दोर होता. वसंतात गावाच्या खर्चाने आणलेला चांगला जाडजूड दोर होता, पण तो नगराध्यक्ष बुर्यान यांच्या सातूच्या कोठारात पोती वर चढवायच्या चाकाला लावलेला होता, आणि बिअरसाठी सातू भिजवायचे दिवस होते. त्यामुळे तोमेशला घंटेचा जुना दोर मिळाला. घंटाच गेली होती, तर दोर तरी कामाला येईल असा हिशोब.

त्याच दोराने तोमेशने आधी गोळा खाली सोडला, अगदी हलक्या हाताने. मग स्वतः उतरायला लागला. दुसऱ्या खिडकीपाशी दोर तुटला. गोळ्याला ओरखडाही आला नव्हता. नगराध्यक्षांनी तिथेच टोपी काढून देवाचे आभार मानले, आणि मग कोणीतरी कोपराने ढोसल्यावर तोमेशकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी नगरसभेने ठराव केला की तोमेश दारूच्या नशेत पडला. आता इथे जरा थांबायला हवं. स्लातोवमध्ये बायका-मुलंसुद्धा सकाळी पातळ बिअरमध्ये पाव बुडवून खातात. त्या अख्ख्या गावात बिअरला न शिवणारा एकच माणूस होता, आणि तो तोमेश. त्याचं पोट बिघडायचं. खानावळीत तो दुधाचा मोगा घेऊन बसायचा आणि लोक त्याला ‘दूधपित्या’ म्हणायचे. तो आत शिरला की मार्तिनेक खाटीक गाईसारखा हंबरायचा आणि बाकीचे टेबलं बडवायचे. वीस वर्षं हा विनोद चालला आणि एकदाही शिळा झाला नाही. ज्या हातांनी टेबलं बडवली तेच हात नगरसभेत ठरावाच्या बाजूने वर गेले. नशेत, पापाची कबुली न देता मेलेला म्हणून तोमेशला दफनभूमीच्या भिंतीलगत पुरलं. तिथे बेवारस भटक्यांना आणि जीव देणाऱ्यांना पुरतात. प्रार्थनाही झाली नाही. ठराव अर्थातच प्रोकोपने लिहिला.

ऑक्टोबरात तोमेशची बायको दोरोता प्रोकोपच्या खोलीत आली. बसली नाही. दारातच उभी राहिली.

“कारकूनकाका, तो गोळ्यातला कागद तुम्हीच लिहिणार ना?”

“मीच. का गं?”

“त्यात माझ्या माणसाचं नाव घाला. तो नशेत नव्हता, एवढं लिहा. दोर कुजका होता, एवढं लिहा. बाकी काही नको.”

प्रोकोपने लेखणीचं टोक तपासलं. ते ठीक होतं, तरी पुन्हा तपासलं. “अगं, गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे की तो पीत नव्हता.”

“तेच तर. सगळ्यांना ठाऊक आहे आणि एकही जण बोलत नाही. यांच्यापैकी निम्मे बुर्यानच्या कोठारात कामाला, निम्म्यांच्या घरी बुर्यानची बिअर. शंभर वर्षांनी जे येतील ते काही बुर्यानची बिअर पिणार नाहीत. त्यांना तरी खरं कळू दे.” मग तिने जरा मान खाली घातली. “मला वाचता येत नाही, काका. तुम्ही लिहिलं म्हणालात की मी लिहिलं समजेन.”

“लिहीन,” प्रोकोप म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडून कसा सुटला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. ती गेल्यावर, खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वर्षात काय काय लिहायचं हे ठरवायला नगरसभा भरली. शांततेच्या तहाची बातमी नुकतीच प्रागहून आली होती. प्रागचा निम्मा भाग अजून स्वीडिशांच्या ताब्यात होता, तिथून पळून आलेले फादर काश्पार आता गावच्या देवळात पाद्री होते आणि जगाच्या बातम्या त्यांच्याकडेच होत्या. ते सांगत गेले, प्रोकोप टिपत गेला.

“पोलंडचा राजा वारला.”

“लिहा,” नगराध्यक्ष बुर्यान म्हणाले.

“डेन्मार्कचाही वारला.”

“तोही लिहा. वर्ष वजनदार दिसतंय.”

“इंग्लंडच्या राजाला त्याच्याच प्रजेने कैदेत ठेवलाय.”

“राजाला?” मार्तिनेक खाटकाने विचारलं. “त्याने काय केलं?”

“म्हणतात, कुणालाही न विचारता कारभार केला.”

बुर्यान यांनी अंगठी फिरवली. “हे नको. उगाच लोकांच्या डोक्यात काहीतरी भरायचं.”

“तुर्कांनी आपल्या सुलतानाला गादीवरून ओढून त्याचा गळा आवळला, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला सुलतान केलं.”

“तुर्क आहेत ते, तुर्कांचं लिहिलं तर चालेल. पुढे?”

“पॅरिसमध्ये लोकांनी रस्त्यांवर पिंपं रचून राजाच्या शिपायांना अडवलं.”

“भरलेली पिंपं की रिकामी?” बुर्यान यांनी विचारलं. बिअरचा धंदा असलेल्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार? फादर काश्पार यांना ठाऊक नव्हतं. मॉस्कोत मिठावरून दंगल झाली होती, युक्रेनात कोसॅक घोडेस्वारांनी पोलिश फौजा उधळल्या होत्या, हेही टिपून झालं. तेवढ्यात मार्तिनेकने टेबलावर मूठ आपटली.

“आणि माझा बैल? गावात एवढा मोठा बैल कधी झाला नव्हता. स्वीडिशांची अख्खी पलटण त्याच्यावर जेवली. ही जगातली घटना नाही तर काय आहे? स्वीडन जगात नाही का?”

यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी बैलाला दोन ओळी मिळाल्या. मग कोणीतरी सुचवलं की नगराध्यक्षांच्या बुटांचाही उल्लेख हवा. बुर्यान नको नको म्हणाले, पण फार जोरात म्हणाले नाहीत. ‘लुटीत गावातील मान्यवरांच्या पादत्राणांचीही हानी झाली’ अशी एक ओळ झाली. एवढं लिहून होईपर्यंत पान भरत आलं, आणि तीस वर्षं चाललेलं युद्ध संपून तह झाला ही गोष्ट प्रोकोपला अर्ध्या ओळीत कोंबावी लागली.

“आता काम कोणाच्या हातून झालं ते,” बुर्यान म्हणाले.

प्रोकोपने घसा साफ केला. “गोळा तोमेशने उतरवला. त्याचं नाव—”

“प्रोकोप.” बुर्यान यांनी आवाज चढवलाही नाही. “त्या दारुड्याचं नाव गावाने शंभर वर्षं डोक्यावर घेऊन उभं राहायचं का? लिहा: नगराध्यक्ष बुर्यान यांच्या देखरेखीखाली, ईश्वरकृपेने, कोणालाही इजा न होता काम पार पडलं.”

प्रोकोपने लिहिलं. एकदाही खाडाखोड झाली नाही.

बुर्यान यांनी कागद पुढे ओढला, वरपासून वाचायला घेतला, आपलं नाव आलं तिथे थांबले, मान डोलावली आणि मेणावर अंगठी उठवली. त्यांची ही सवय गावात एकट्या प्रोकोपला ठाऊक होती. इतक्या वर्षांत नगराध्यक्षांनी एकही कागद आपल्या नावाच्या पुढे वाचलेला नव्हता. नाव आलं की त्यांच्यापुरता मजकूर संपायचा. एकदा तर त्यांनी बदकांच्या करावर सही केली होती आणि मग सगळ्यात जास्त कर त्यांनाच बसला होता.

सभा उठल्यावर बुर्यान यांनी त्याला मागे थांबवलं, दार लावून घेतलं आणि आवाज एकदम शाळेतल्या दिवसांचा केला.

“अरे प्रोकोप, आपण एका बाकावर बसलेलो. तो जुना कागद तू वाचलास ना?”

प्रोकोपने वाचला होता. सन पंधराशे शहाण्णवचा. त्यात सम्राट रूडॉल्फ यांना दीर्घायुष्य चिंतलं होतं, तुर्क आता दोन वर्षांत नामशेष होणार असं छातीठोक लिहिलं होतं, गव्हाचा भाव पुन्हा कधी इतका चढणार नाही असंही भाकीत होतं. आणि मधोमध एक ओळ होती: ‘गोळ्यावरचा सोन्याचा मुलामा दिलेला प्याला यान बुर्यान यांनी अर्पण केला, आणि शपथ घेतली की बुर्यानांचा वंश या गावात आहे तोवर हा प्याला खाली येणार नाही.’

प्याला म्हणजे जुन्या पंथाची खूण. यान बुर्यान म्हणजे नगराध्यक्षांचे आजोबा. आणि वीस-बावीस वर्षांपूर्वी सम्राटाची माणसं आल्यावर करवत घेऊन तो प्याला कापून काढणाऱ्यांच्या पुढे कोण होतं, तर यान बुर्यानचा नातू. त्या भक्तीचं बक्षीस म्हणून त्याला परागंदा झालेल्या माणसाचं सातूचं कोठार मिळालं होतं. प्याल्याच्या जागी क्रूस बसवताना घाईत गोळा कोणी उघडला नव्हता.

“फादर काश्पार म्हणतात, जुना कागदही चौकात वाचायचा,” बुर्यान म्हणाले. “त्यांना जुन्या वस्तूंचं फार वेड. आता हा कागद वाचला तर माझं काय होईल, तूच सांग. तू असं कर, जुन्या अक्षरात एक कागद लिही. बाकी सगळं तसंच राहू दे. फक्त आजोबांनी क्रूस दिला असं घाल.”

“आणि मूळ कागद?”

बुर्यान उठले, टेबलावरचा मूळ कागद उचलला आणि शेगडीत टाकला. “कसला मूळ कागद?”

बावन्न वर्षं वाऱ्यापावसात टिकलेला कागद दहा श्वासांत संपला. प्रोकोप बघत राहिला. त्याला राग आला, आणि साठ वर्षांच्या माणसाला आपल्यालाही राग येतो हे नव्याने कळलं की जरा लाजल्यासारखं होतं, तसं त्याला झालं.

रविवारी दुपारी, गाव जेवून पेंगत असताना, तो लिहायला बसला. नगरसभेच्या शहाण्णव सालच्या वहीतलं मागचं कोरं पान त्याने कापून घेतलं, जुनी दिसावी म्हणून शाई बिअरने पातळ केली. जुन्या कारकुनाचं लांब शेपटांचं अक्षर त्याला लहानपणापासून पाठ होतं. सम्राटाचं दीर्घायुष्य, तुर्कांचा नायनाट, मग यान बुर्यान आणि त्यांनी दिलेला क्रूस. नाव त्याने जरा मोठं काढलं. त्याखाली गव्हाचा भाव. त्याखाली चार बोटं जागा उरली होती.

त्या चार बोटांत, त्याच लांब शेपटांच्या अक्षरात, त्याने लिहिलं: ‘हे वाचणाऱ्या माणसा, हा कागद सन १५९६ चा नाही. तो १६४८ साली कारकून प्रोकोपने बुर्यान यांच्या सांगण्यावरून लिहिला. खरा कागद त्यांनी जाळला. त्यात क्रूस नव्हता, प्याला होता. यंदा हा गोळा तोमेशने उतरवला. त्याला कुजका दोर दिला, कारण गावाचा नवा दोर बुर्यान यांच्या कोठारात होता. तो पडून मेला. तो दारू प्यायला नव्हता. तो आयुष्यभर फक्त दूध प्यायला, आणि आम्ही त्याला हसलो.’

लिहून झाल्यावर त्याने ते तीनदा वाचलं, तेही मोठ्याने. बुधवारी, मार्टिन संताच्या सणाला, हाच कागद चौकात त्याच्याच हातात असणार होता. वाचणार तोच. नावापर्यंत वाचायचं आणि थांबायचं नाही, पुढे वाचत जायचं, बस्स. आवाज चांगला लागतोय असं त्याला वाटलं. चौथ्यांदा त्याने उभं राहून वाचलं.

सोमवारी बुर्यान यांनी कागद पाहिला. आजोबांच्या नावाशी आले, क्रूस वाचला, डोळे ओले केले आणि म्हणाले, “काय माणसं होती रे.” कागद गुंडाळून परत दिला.

गोळा चढवायला शेजारच्या गावाहून याखिम नावाचा गवंडी-छपरवाला आणला होता. हा दाढीवाला गडी दोरोताकडेच जेवायला उतरला होता. मंगळवारी त्याने मनोऱ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं आणि खाली बसला.

“साहेब, कोठारातला दोर आणा.”

“कुठल्या कोठारातला?” बुर्यान म्हणाले.

“तुमच्या. सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. आमच्या धंद्यात कोण कशामुळे पडलं ते आधी कळतं, बाकीचं सावकाश. दोर आणा, नाहीतर स्वतः चढा.”

गावात दुसरा कोणी चढणारा नव्हता. सातूचं काम थांबवून दोर आणावा लागला. चौकातून तो दोर खांद्यावर घेऊन दोन माणसं चालली तेव्हा सगळे दुसरीकडे बघत होते. आभाळ त्या दिवशी फार बघण्यासारखं असावं.

मार्टिन संताच्या दिवशी चौक भरला. गावात उरलेलं एकुलतं एक बदक नगराध्यक्षांच्या घरी भाजत होतं, आणि वास सगळ्यांना सारखा वाटून मिळत होता. गोळा ठोकून, भोकं झाळून, नवा मुलामा देऊन लखलखत होता. प्रोकोपने नवा कागद वाचला. राजे मेले, सुलतान मेला, पॅरिसची पिंपं आली, बैल आला. बैलाला लोकांनी माना डोलावल्या. अर्ध्या ओळीतला तह कोणाच्या लक्षातही आला नाही. ‘कोणालाही इजा न होता’ हे शब्द त्याने जरा भरभर वाचले.

विहिरीपाशी दोरोता उभी होती. तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही. तोमेशचं नाव आलं नाही हे तिला कळलं होतं, पण अजून एक कागद बाकी होता, आणि काकांनी लिहीन म्हटलं होतं.

प्रोकोपने दुसरा कागद उलगडला. सम्राट, तुर्क, यान बुर्यान, क्रूस. नगराध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. फादर काश्पार कौतुकाने हसले. मग गव्हाचा भाव. मग पुढची ओळ, स्वतःच्याच हातची: ‘हे वाचणाऱ्या माणसा’.

त्याने वर पाहिलं. मार्तिनेक जांभई देत होता. बुर्यान अंगठी फिरवत होते. कारकुनाची खोली, तिथली शेगडी, पस्तीस वर्षांची खुर्ची, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. फक्त आठ ओळी होत्या. रविवारी तर त्या किती सहज आल्या होत्या.

“आणि सातूचा भाव,” प्रोकोप म्हणाला, “गव्हाच्या निम्मा. देव या गावाचं भलं करो. आमेन.”

दोरोताने पदराखालचं काहीतरी घट्ट धरलं, मान फिरवली आणि मनोऱ्याच्या दाराशी उभ्या याखिमकडे गेली. बुर्यान यांनी दोन्ही कागद स्वतःच्या हाताने नळीत घातले, स्वतःच्या अंगठीने शिक्का मारला. आपल्याच गुन्ह्याची साक्ष आपल्याच हाताने बंद करताना माणूस किती प्रसन्न दिसू शकतो, हे प्रोकोपने पाहिलं. एरवी त्याला हसू आलं असतं.

गोळा वर गेला. नवा दोर कुरकुरलासुद्धा नाही. याखिमने गोळा खांबावर बसवला, क्रूस ठोकला आणि त्यावर एक पाय टाकून घोड्यावर बसावं तसा बसला. आता रीतीप्रमाणे त्याने वरून तीन नावांनी पेय घ्यायचं आणि भांडं खाली फेकायचं. भांडं फुटलं तर शुभ, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळी न वाजवणाऱ्याच्या घरावर संकट येतं. नगराध्यक्षांनी त्यासाठी काचेचा पेला आणि वाइन दिली होती.

याखिमने झोळीतून मातीचा मोगा काढला. खालूनही ओळखू आला. खानावळीत वीस वर्षं तो मोगा ज्याच्या हातात दिसायचा, तो माणूस भिंतीलगत पुरलेला होता.

“पहिला घोट सम्राटांच्या नावाने,” याखिम ओरडला. मनोऱ्यावरून आवाज साऱ्या चौकात उतरला. “दुसरा देवळाच्या नावाने. हे दूध आहे, मंडळी, पोटाला बरं. आणि तिसरा तोमेशच्या नावाने. तो दूध पीत होता, आणि तुम्ही त्याला कुजका दोर दिलात. मी ज्याच्यावर चढलो तो त्याच्या हक्काचा दोर आहे. तेव्हा तो दोर सातू चढवत होता.”

बुर्यान यांचा चेहरा आधी लाल, मग राखाडी झाला.

“उतरवा त्याला खाली,” ते म्हणाले.

“कोण चढतंय?” फादर काश्पार यांनी हळूच विचारलं.

कोणी चढत नव्हतं. अख्ख्या स्लातोवमध्ये त्या घडीला नगराध्यक्षांचा हात पोचणार नाही असा एकच माणूस होता, आणि तो उद्या आपल्या गावी जाणार होता. त्याने मोगा संपवला, मिशी पुसली आणि मोगा खाली फेकला. तो बुर्यान यांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर आपटून फुटला, त्याचे तुकडे तुकडे झाले.

आता आली पंचाईत. भांडं फुटलं होतं, म्हणजे शुभ झालं होतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मार्तिनेक खाटकाला घरात सहा लेकरं आणि गाभण गाय होती. त्याने दोन्ही हात वर घेतले आणि एक टाळी वाजवली, मग दुसरी. मग चौकात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बायका रडत टाळ्या वाजवत होत्या. शेवटी नगराध्यक्ष बुर्यान यांनीही तीनदा वाजवल्या, कारण कोठार त्यांचंही होतं आणि संकट कोणाला हवं असतं?

गर्दी पांगली तेव्हा दोरोता मोग्याचे तुकडे वेचत होती. प्रोकोप तिच्याजवळ गेला. आजूबाजूला कोणी नाही हे त्याने आधी पाहून घेतलं.

“दोरोता,” तो कुजबुजला, “मी लिहिलंय. शपथ. दुसऱ्या कागदात, खाली. दोर, दूध, सगळं. शंभर वर्षांनी लोक वाचतील.”

तिने मान वर केली. “आत्ता वाचला तो कागद?”

“तोच.”

“म्हणजे तुमच्या हातात होतं.”

प्रोकोपने वाकून एक तुकडा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

“मला वाटायचं,” दोरोता म्हणाली, “या गावात वाचता न येणारी मीच एक.” तिने शेवटचा तुकडा ओच्यात टाकला आणि दफनभूमीच्या भिंतीकडे चालू लागली. तिच्यामागून तीन-चार बायका निघाल्या, आणि थोड्या अंतराने टोपी हातात घेऊन मार्तिनेकही गेला.

प्रोकोप तिकडे दोन पावलं गेला आणि थांबला. नगरसभेच्या दारातून बुर्यान त्याला हाक मारत होते. दिवसाची नोंद करायची होती.

“लिहा,” बुर्यान म्हणाले. “सोहळा टाळ्यांच्या कडकडाटात पार पडला.”

प्रोकोपने लिहिलं. पस्तीस वर्षांत त्याने या वहीत लिहिलेलं हे एकच वाक्य शब्दशः खरं होतं.